सर, पंखा बरोबर होता

सर, तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. राग इतका आहे की रडण्याला शिरायला वाट सापडेना. शाळेची स्मरणिका निघणार आहे, तिच्यात 'मुळे सरांच्या आठवणी' म्हणून पानभर लिहून द्या, असं हेडमास्तर म्हणाले. मी म्हणालो, मी पत्र्याचं काम करणारा माणूस, मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, "मनातलं लिवा किसनराव, शुद्धलेखन आमी बघू." तर हे मनातलं आहे. छापायचं की चुलीत घालायचं ते त्यांनी ठरवावं.

बाकीचे लिहितील की तुम्ही किती साधे होता, विज्ञान किती सोपं करून शिकवायचात, किती पोरं मार्गी लावलीत. खरंच आहे ते. मला त्यातलं काही खोडायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तेही अहो-जाहो करतच, कारण सोळा वर्षांची जीभ महिनाभरात वळत नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावाकडं आमच्या वस्तीचं काय झालं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत. कात्री, हातोडी, लोखंडी ठोकळा आणि बायको एवढं घेऊन मी परभणीत उतरलो होतो. जागा बघायला गेलो की आधी नाव विचारायचे, मग गाव, आणि मग जागा आत्ताच दुसऱ्याला दिली म्हणायचे. तुम्ही काही विचारलं नाहीत. घराच्या बाजूची रस्त्याकडची शेड उघडलीत, आतलं सरपण स्वतःच्या हातानं बाहेर काढलंत आणि म्हणालात, "इथं राहा, इथंच बस. दुपारचं लय ठोकाठोकी करू नको, एवढंच."

त्या दिवसांत असं करायला छाती लागत होती. मी ते विसरलो असतो तर माझं काम सोपं झालं असतं. पण शेजारच्यांनी तुम्हाला टोकलं तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलंत तेही मला तुमच्या घरातूनच, काकूंकडून कळलं होतं. "कूलर दुरुस्तीला माणूस ठेवलाय, उन्हाळ्यात तुम्हालाच उपयोगी पडंल." म्हणजे जागा किसनला दिली नव्हती, कूलरला दिली होती. तेव्हा मी आणि बायको त्यावर पोट धरून हसलो होतो. खरं तर तुमचा स्वभाव मला तिथंच कळायला पाहिजे होता. घरात एक आणि दारात दुसरं.

कूलर मात्र मी असे केले की चार वर्षांत माझ्या पंख्याचं नाव झालं. परभणीचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. लोक मोटर मोठी घेतात, पाणी जास्त सोडतात आणि तरी वारा येईना म्हणून बोंबलतात. मी पहिल्यांदा तीन बाजूंच्या जाळ्या बघायचो. वारा आत यायलाच जागा नसेल तर बाहेर काय यायचं? आणि खोलीची एक खिडकी उघडी ठेवा, असं गिऱ्हाइकाला बजावायचो. बंद खोलीत कूलर नुसता ओरडतो. ही गोष्ट तुम्हीच वर्गात पोरांना माझं नाव घेऊन सांगायचात. पोरं घरी जाऊन खिडक्या उघडायची.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही शेडमध्ये आलात ते हातात वर्तमानपत्रातलं लढाऊ विमानाचं चित्र घेऊन. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेचं जेट उडवायचं, म्हणालात. कॉलेजात असताना तुम्ही दोन तारांवर गोल फिरणारी छोटी विमानं उडवली होती. मधे माणूस उभा राहतो, तारा हातात धरतो, विमान त्याच्याभोवती घिरट्या घालतं. पण त्यांना पुढं पंखा असतो. तुम्हाला तो दिसायला नको होता. "पुढं पंखा दिसला की ते जेट कसलं? पंखा पोटात बसला पाहिजे किसन. नाकानं वारा घ्यायचा आन् शेपटीनं सोडायचा."

मी म्हणालो, "म्हंजे आडवा कूलर."

तुम्ही इतके हसलात की काकू बाहेर आल्या. मग दोन महिने शेडमध्ये कूलरचं काम बंद आणि जेटचं सुरू. सर, ते दोन महिने मी तुमच्याकडून परत मागत नाही. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

इंजिन कापसावर औषध फवारायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या पंपाचं. दोरी ओढली की फट्‌फट्‌ करत उठायचं. आठ फुटांचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, त्यावर पातळ कापड ताणून रोगण दिलेलं. पोटात ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं नळकांडं आणि त्यात पंखा, हे माझं काम. पहिला पंखा फिरला तेव्हा पाती आणि नळकांडं यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. वारा त्या फटीतून पुढंच परत यायचा. मी फट कमी करत करत आगकाडीच्या जाडीवर आणली. ती तपासायला तुम्ही खिशात आगपेटी घेऊन फिरायचात, आणि तुम्ही विडी ओढायला लागलात असा काकूंना संशय आला होता.

दुसरी अडचण फिरकीची होती. पंख्यामागून वारा सरळ जाईना, गोल गोल फिरत बाहेर पडायचा. नळकांड्यात चिकटवलेले कापसाचे धागे सगळे तिरपे उभे राहायचे. तुम्ही म्हणालात, चल, येलदरीला जाऊ. धरणावर तुमचे एक विद्यार्थी नोकरीला होते. त्यांनी वीजघर दाखवलं, तिथं पाण्यानं फिरणाऱ्या चाकाच्या अलीकडं पाण्याला वळण लावणारी न हलणारी पाती होती. येताना बसमध्ये मी तुमच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं : तिथं पाण्याला वळवतात, आपण वाऱ्याला सरळ करू, पंख्याच्या मागं पाच पाती घट्ट बसवू, उलट्या बाकाची. तुम्ही चालू बसमध्ये उभे राहून माझ्या पाठीवर थाप मारलीत. "हे पुस्तकात हाय किसन, आन् तू पुस्तक न वाचता काढलंस." पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले. बाहेर, चार माणसांत, तुम्ही माझं केलेलं ते एकच कौतुक. बघणारे सगळे अनोळखी होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पाच पाती बसवली आणि कापसाचे धागे पोरांनी प्रार्थनेला उभं राहावं तसे सरळ झाले. त्या सकाळी शेपटीतून जो वारा सुटला त्यानं अंगणात बाजेवर वाळत घातलेले काकूंचे पापड धोतरासकट उडवले. धोतर लिंबावर आणि पापड गटारीत. काकू लाटणं घेऊन धावल्या. "दोघं बी बेअक्कल! मास्तर हाय का उनाड पोर?" आपण विमानाच्या आडोशाला बसून हसू दाबत होतो. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

पुढचं नीट ऐका, कारण आपलं भांडण इथून सुरू होतं.

विमानाच्या पोटाखाली इंजिनची दोरी ओढायला एक झाकण होतं, दोन तळहातांएवढं. आपण प्रयोग करताना ते काढूनच ठेवायचो, दर वेळी कोण लावणार म्हणून. शेपटीला ताणकाटा बांधायचा, त्याचं दुसरं टोक लिंबाला, आणि ओढ मोजायची. काटा तिसऱ्या खुणेला भिडायचा आणि तुम्ही वहीत लिहायचात. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी झाकण रंगवून आलं. मी इंजिन सुरू केलं, ते बसवलं आणि काटा दोनच्याही खाली आला. इंजिनचा आवाज मात्र चढला. पंख्याला वारा मिळाला नाही की तो हलका होऊन जास्त ओरडतो, हे कूलरवाल्याला कानानं कळतं. मी उदबत्ती पेटवून झाकणाच्या फटीशी धरली, तर धूर तिथल्या चिरेतून खेचून आत चालला होता. इतके दिवस पंखा निम्मा श्वास त्या झाकणातून घेत होता. नाकपुड्या त्याला पुरत नव्हत्या.

मी तुम्हाला बोलावलं, सगळं दाखवलं. म्हणालो, "सर, पोटाला भोक पाडू. झाकण लावायचं तर शेजारी पाडू, कडा आतल्या बाजूला गोल वळवतो. कुणाला दिसायचं बी न्हाई."

तुम्ही म्हणालात, "खऱ्या विमानाच्या पोटाला भोक असतं का रे?"

"खरं विमान पळत असताना वारा आपसूक आत घुसतो. आपलं तर उभ्यानं सुरू व्हायलंय."

"मी सगळं प्रमाणात काढलंय. परीक्षक येणार हायेत, ते चित्र घेऊन मोजतील. भोक बघून हसतील लोक."

"आन् उडलं न्हाई तर?"

"उडंल. तू पंखा बघ. विमान मी बघतो."

सर, कात्री माझ्या हातात होती. मी ते भोक न विचारता पाडू शकलो असतो आणि तुम्हाला प्रदर्शनाच्या दिवशीच कळलं असतं. पाडलं नाही. मी तुमच्या शेडमध्ये बसत होतो. ज्यानं सरपण काढून मला बसायला जागा दिली त्याच्या विमानाला त्याच्या मनाविरुद्ध कात्री लावायची हिंमत झाली नाही. त्या भेकडपणाबद्दल मी स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या आहेत की तुम्ही देण्यासारखं काही राहिलेलं नाही.

प्रदर्शनाला सोनपेठपासूनच्या शाळा आल्या होत्या. शाळेचं मैदान, मंडप, माईक, पाहुणे. तुम्ही मधे तारा धरून उभे, शाळेचे शिपाई गफूरमामा शेपूट धरून बसलेले. मी दोरी ओढली, झाकण लावलं, गफूरमामांनी सोडलं. विमान मुरमावरून पळालं. एक चक्कर, दोन, तीन. इंजिन किंचाळत होतं आणि चाकं काही जमीन सोडेनात. लोक आधी उभे राहिले, मग हळूहळू खाली बसले. पाचव्या चक्करला पुढचं चाक खड्ड्यात गेलं, विमान कोलांटलं आणि डावा पंख मोडला. कुणीतरी शिट्टी मारली.

तुम्ही माईककडं चालत गेलात. मला वाटलं तुम्ही म्हणाल, प्रयोग फसला, शास्त्रात असं होतं, पुन्हा करू. तुमचा चेहरा लाल झाला होता. पाहुण्यांकडं बघून तुम्ही म्हणालात, "विमानाची आखणी बिनचूक आहे. पंख्याच्या कामात दोष राहिला. आपल्याकडचे कारागीर, अंदाजानं काम करतात, काय करणार." पाहुणे हसले. तुम्हीही त्यांच्याबरोबर थोडं हसलात. मी दहा पावलांवर दोरी हातात घेऊन उभा होतो.

अंदाजानं! आगकाडीच्या फटीला तुम्ही अंदाज म्हणालात!

त्या उन्हाळ्यात माझ्या दारात कूलरचं गिऱ्हाईक फिरकलं नाही. जिल्ह्यात सगळ्यात शिकलेल्या माणसानं माईकवर सांगितलं होतं की किसनचा पंखा सदोष, मग कोण येणार? ते एक वेळ चाललं असतं. पण गावाला म्हणच मिळाली. पुढाऱ्याचं भाषण लांबलं की लोक म्हणायला लागले, "किसन्याचा पंखा सुरू झालाय, आवाज लय, वारा न्हाई." ताडकळसच्या बाजारात मी बादल्या विकायला बसलो होतो तेव्हा दोन अनोळखी माणसं एकमेकांना ते म्हणाली. मी कोण ते त्यांना माहीतही नव्हतं. माझी लेक चौथीत होती, तिनं घरी येऊन विचारलं, "बापू, तुमच्या पंख्याला वारा का नव्हता?" त्या पोरीला मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देताना तुमचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि आपण त्यांच्या जागेत राहतो असं तिच्या आईनं मला डोळ्यांनीच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, मी तुझ्यापाशी कबूल केलं होतं की. केलंत. आठ दिवसांनी शेडमध्ये आलात, दार ओढून घेतलंत आणि खाली बघत म्हणालात, "किसन, भोक पाडायला पायजे होतं. चुकलं माझं." मी म्हणालो, "सर, एवढंच माईकवर म्हणा. पुढच्या प्रदर्शनात म्हणा, न्हाई तर प्रार्थनेला म्हणा. एक वाक्य." तुम्ही म्हणालात, "बघू."

पुढं दर वर्षी प्रदर्शन झालं. दर वर्षी मी मंडपाच्या मागं जाऊन उभा राहायचो आणि तुम्ही दर वर्षी माईकवर दुसरंच काहीतरी बोलायचात. मग दोन दिवस गेले की दार ओढून घेऊन, "माझ्या ध्यानात हाय बरं का." दारामागची माफी मी किती वर्षं घेतली! तुमच्या घरी प्यायलेल्या चहाबरोबर ती गिळत गेलो. नामांतराचंही तुमचं तसंच होतं. घरात म्हणायचात, "झालंच पायजे, न्यायाचं हाय." चौकात कुणी विचारलं की चष्मा पुसायला घ्यायचात. मी एकदा चिडून म्हणालो होतो, सर, तुमचं खरं बोलणं उंबऱ्याच्या आतच का राहतं? तुम्ही म्हणालात, "तुला न्हाई कळायचं, आमच्या लोकांत राहायचंय मला." मग मी कुणाच्या लोकांत राहत होतो, सर? तुमच्या शेडमध्ये राहत होतो.

या जानेवारीत नामांतर झालं त्या दिवशी तुम्ही खाटेवर होता. पेपर छातीवर पालथा. मला म्हणालात, "झालं बग शेवटी. सोळा वर्षं लागली." मी म्हणालो, "झालं सर. माझं कवा?" तुम्हाला कळलं. तुम्ही माझा हात धरलात, तुमचा हात गरम होता. "उठलो की शाळेत जाऊ. दोघं मिळून." मी, मूर्ख, त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं की सर या वेळी नक्की बोलणार. तुम्ही सतरा दिवसांनी गेलात. तुम्हाला तिरडीवर बांधताना गाठी मीच मारल्या. सगळे रडत होते आणि मी मनात म्हणत होतो, सुटलात, लबाड माणूस.

मग काल शाळेत तुमच्या फोटोचा कार्यक्रम झाला. त्याआधी हेडमास्तरांनी प्रयोगशाळेच्या कपाटावरचं ते मोडकं विमान माझ्याकडं पाठवलं होतं. दुरुस्त करा, रंग द्या, फोटोखाली टांगायचंय, वर पाटी लावू, 'मुळे सरांचे विमान'. मी पंख जोडला. कापड नवं ताणलं. आणि मग, सर, पत्र्याची कात्री घेऊन तुमच्या विमानाच्या पोटाला भोक पाडलं. कड आत वळवून गुळगुळीत केली. इंजिनमधली धूळ काढली, काटा त्याच लिंबाला बांधला, झाकण लावून ओढ मोजली. तीन. मी लिंबाखाली उभा राहून तुम्हाला मोठ्यानं शिवी दिली. गफूरमामा आता म्हातारे झालेत, ते बघायला आले होते. म्हणाले, "किसन, मय्यत कू गाली नै देते." मी म्हणालो, तुम्ही तरी शेपूट धराल का? म्हणाले, "वो तो मेराच काम है."

कार्यक्रमात भाषणं झाली. मग हेडमास्तर म्हणाले, सरांचे जुने सहकारी किसनराव दोन शब्द बोलतील. मी म्हणालो, मला बोलता येत नाही, बाहेर मैदानावर या. सगळे आले, पाचेकशे तरी असतील. तारा या वेळी माझ्या हातात होत्या. काकूंना पहिल्या ओळीत खुर्ची दिली होती. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की त्याच मैदानावर, त्याच पंख्यानं ते उडावं आणि तुम्ही जे बोललात ते सगळ्यांसमोर खोटं पडावं. दहा वर्षं मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्याच चक्करला चाकं सुटली. सर, ते उडालं. डोक्याच्या वर गेलं, तारा हातात ताणल्या गेल्या, मी गोल फिरत होतो आणि मंडप, शाळा, झाडं, माणसं सगळी माझ्याभोवती फिरत होती. पेट्रोल संपेपर्यंत मी ते खाली येऊ दिलं नाही. खाली आलं तेही अलगद आलं. मग टाळ्या झाल्या. आणि मग कुणीतरी ओरडलं, "मुळे सर अमर रहे!" सगळे ओरडायला लागले. हेडमास्तरांनी माईक घेतला, त्यांचा आवाज भरून आला होता. "सरांची आखणी बिनचूक होती हे आज सिद्ध झालं. सरांचं स्वप्न आज पूर्ण झालं."

मी तसाच उभा राहिलो. मेल्यावरही तुम्हीच जिंकलात. मी जाऊन माईक हिसकावला असता, पण मी म्हणालो असतो तरी लोक म्हणाले असते, गेलेल्या माणसाच्या जिवावर मोठा व्हायलाय.

तेवढ्यात काकू खुर्चीतून उठल्या. त्यांच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीत आहे. त्या हळूहळू विमानापाशी आल्या, वाकल्या आणि पोटाखाली हात घालून त्यांनी ते भोक चाचपलं. मला विचारलं, "हे तवा नव्हतं ना?" मी म्हणालो, न्हाई. "तू तवाच म्हणला होतास ना?" मी मान डोलावली. त्या तशाच माईककडं निघाल्या. हेडमास्तरांना वाटलं आभार मानायला आल्या.

"मला भाषण येत न्हाई," काकू म्हणाल्या. "एकच सांगते. त्या दिशी ह्यांनी हितं सांगितलं की पंख्यात दोष हाय. पंख्यात दोष नव्हता. किसननं भोक पाडा म्हणून सांगितलं होतं, ह्यांनी ऐकलं न्हाई. चूक ह्यांची होती. घरात लय बार म्हणले, बाहेर कवा म्हणले न्हाईत. म्हणून मी म्हणायलेय."

ते वाक्य मी दहा वर्षं ऐकायची वाट बघितली होती, आणि ऐकलं तेव्हा मला आनंद झाला नाही. मी काकूंकडं बघत होतो. त्या बाईनं जन्मात कधी चार माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. एका हातानं माईकचा दांडा धरला होता, दुसऱ्या हातात पदर, आणि पाय लटलट कापत होते. महिनाभरापूर्वी कुंकू पुसलेलं कपाळ घामानं भिजलं होतं. त्या खाली उतरल्या तेव्हा मी धावत जाऊन आधार दिला, तर मलाच म्हणाल्या, "माफ कर बाबा, लय उशीर झाला."

सर, माझ्या पंख्याच्या बदनामीचं भांडण मी आज सोडलं. ती शेड, ती पाठीवरची थाप, येलदरीची बस, सगळं तुमचं तुमच्याकडं राहू द्या, त्याबद्दल मी जन्मभर तुमचा ऋणी आहे. पण काल त्या पायांचं जे कापणं झालं ते तुमच्या वाट्याचं होतं. ते तुम्ही बायकोच्या अंगावर टाकून गेलात, आणि ते मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.